रोलीचं लेथ मशीन

शाळेतून फोन आला तेव्हा आर्डिस कोलार भांडी पुसत होती. पलीकडचा माणूस अडखळत बोलत होता. हायस्कूलचं वर्कशॉप मोडीत काढताहेत, रोलंड कोलार यांनी ऑक्टोबरात लोखंड कातायचं एक लेथ मशीन सांगून ठेवलं होतं, शुक्रवारपर्यंत कुणी नेलं नाही तर ते भंगारात जाईल. पण म्हणजे, त्यांचं कळलं आम्हाला, फार वाईट झालं, तेव्हा तुम्ही नको म्हणालात तरी काही...

"पाठवा," आर्डिस म्हणाली.

"नक्की ना?"

"हो. पाठवा."

फोन ठेवून तिने तीच बशी पुन्हा पुसली. रोलीला, तिच्या नवऱ्याला, जाऊन अकरा आठवडे झाले होते, आणि या अकरा आठवड्यांत जो जे विचारेल त्याला ती हो म्हणत आली होती. शवपेटी ओकच्या लाकडाची करायची? हो. त्याचे बूट चर्चला देऊन टाकू? हो. हो म्हटलं की माणसं आपापल्या वाटेने जात.

फिनिक्सहून मुलीचा फोन आला तोवर तिला शेजारणीकडून बातमी लागलेली होती. "आई, तू लेथ मशीन आणतेयस? अगं, शिलाई मशीनची सुईसुद्धा बाबा बदलून द्यायचे तुला!"

"हो."

"मग करणार काय त्याचं?"

"तळघरात ठेवणार."

आर्डिसलाही याहून जास्त काही ठाऊक नव्हतं.

रोलीने चौतीस वर्षं गावातल्या अल्युमिनियमच्या भांड्यांच्या कारखान्यात टूलरूममध्ये, साचे आणि हत्यारं बनवण्यात काढली. कारखाना बंद पडला तेव्हापासून स्वतःचं लेथ घ्यायचं त्याच्या डोक्यात होतं. ते मिळायच्या आधीच जानेवारीतल्या एका सकाळी गॅरेजसमोरचा बर्फ काढता काढता तो भिंतीला टेकून खाली बसला, आणि तसाच राहिला. फावडं मांडीवर आडवं. आर्डिसला खिडकीतून वाटलं, दम खातोय. तिने त्याच्यासाठी कॉफी ओतली होती.

शुक्रवारी शाळेतून उचललेलं मशीन ट्रकवर घालून शनिवारी सकाळी बड स्टोडोला आला. बड म्हणजे रोलीचा टूलरूममधला जोडीदार, अडीचशे पौंडांचा गडी. तळ्यावरून आलेलं धुकं अजून अंगणात होतं. मागोमाग नॉर्ब आला, रोलीचा धाकटा भाऊ. तो शाळेची बस चालवायचा. मोठ्या भावाचे नाकडोळे त्याने जसेच्या तसे घेतले होते, त्यामुळे अलीकडे आर्डिस त्याच्याकडे बघायची ती खांद्याच्या जरा वरून.

"स्मेल्ट मासे किनाऱ्याला लागलेत आणि मी इथे लोखंड ओढतोय," बड म्हणाला. "रोलीने हयातीत एक वस्तू वेळेवर आणली नाही. आता बघा, घरपोच!"

नॉर्ब हसला नाही. इथे हसायचं असतं हे आर्डिसला कळलं. तिने ओठ तेवढे हलवले.

मशीन बाराशे पौंडांचं. अख्खं उतरवणं शक्यच नव्हतं, म्हणून दुपारपर्यंत दोघांनी ते ट्रकवरच खोललं. मोटर, चक, गिअरची पेटी, ओतीव लोखंडाचे पाय, सगळं एकेक करून हातगाडीवरून खाली गेलं. उरला तो बेड, म्हणजे मशीनचा कणा. माणसाहून लांब आणि एकट्याचं वजन साडेचारशे पौंड. रोलीने त्याचाही विचार करून ठेवला होता. त्याच्या वहीत तळघराच्या तेरा पायऱ्यांचं चित्र होतं, पायऱ्यांखाली कुठे टेकू द्यायचे, वर कुठल्या फळ्या टाकायच्या, मागच्या दाराच्या चौकटीला तुळई आडवी घालून तिला चेन पुली कशी बांधायची, सगळं. खाली मोठ्या अक्षरांत लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं : ओझ्याच्या खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही.

बडने ते मोठ्याने वाचून दाखवलं. "ऐकलंस ना, नॉर्ब?"

"वाचता येतं मला."

दोघांना बेडच्या दोन्ही बाजूंना राहून तो सरळ ठेवायचा होता. मग पुलीपाशी कोण? बडने आर्डिसला दाराशी उभं केलं आणि दांडा तिच्या हातात दिला. "हा असा मागेपुढे करायचा. एका खटक्याला साखळी एक दात सुटते. मी थांब म्हटलं की थांबायचं. जमेल?"

"हो."

खटक. खटक. बेड ग्रीस लावलेल्या फळ्यांवरून बोटबोट खाली सरकू लागला. साखळी ताणलेली होती. तिच्या टोकाला साडेचारशे पौंड आहेत हे आर्डिसला माहीत होतं, पण दांडा हलका लागत होता, स्वयंपाकघरातला नळ फिरवावा तितका. बड म्हणत होता, "छान, छान, अस्सं." तिची नजर चौकटीवरच्या रंगाच्या एका पोपड्यावर होती. तो पडेल की राहील, एवढंच तिच्या मनात चाललं होतं.

सातव्या पायरीवर बेड अडला. फळीतून एक खिळा वर आला होता, त्याच्यावर तो अडकला. बड एका हाताने बेड धरून हातोडा शोधत होता. तेवढ्यात नॉर्ब पहार घेऊन कडेकडेने खाली उतरला आणि बेडच्या पुढ्यात, पायरीवर, थेट समोर उभा राहिला.

"ए येड्या, बाजूला हो!" बड ओरडला.

"एका झटक्यात सुटेल."

"नॉर्ब! बाजूला हो म्हणतोय ना!"

या सगळ्या गडबडीत आर्डिसचा हात चालूच होता. खटक, खटक, खटक. तिला थांब असं कुणी म्हटलेलं नव्हतं. साखळी ढिली पडून पायरीवर लोळत होती, ती तिला दिसतही होती. नॉर्बने पहार घातली, बेड खिळ्यावरून सुटला आणि जेवढी साखळी ढिली होती तेवढा धाडकन खाली गेला. सबंध घर दणाणलं. साखळी ताठ झाली. बेडचं टोक नॉर्बच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर थांबलं.

नॉर्ब जागचा हललाही नाही. हात खाली सोडून तो त्या लोखंडाकडे बघत राहिला, बस चुकलेला माणूस रस्त्याकडे बघतो तसा.

"आर्डिस," बड घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हात काढ दांड्यावरून."

तिने हात काढला. आपण घाबरायला हवं होतं, असं तिला वाटलं.

त्यानंतर बडने नॉर्बला वर पाठवलं, खिळा ठोकला, आणि उरलेल्या सहा पायऱ्या एकट्याने, शिव्या देत बेड खाली नेला. आर्डिस पुन्हा दांड्यावर. या खेपेला प्रत्येक खटक्याला बड विचारायचा, "ऐकतेयस ना?" आणि ती म्हणायची, "ऐकतेय."

मशीन कुठे उभं करायचं हा प्रश्न आला. बड बॅटरी घेऊन जमिनीवर खुणा शोधत होता. "रोलीने खडूने चार फुल्या मारल्या होत्या. मला दाखवल्या होत्या त्याने."

"मी जमीन पुसली," आर्डिस म्हणाली. "फेब्रुवारीत."

बडने टोपी काढून डोकं खाजवलं. "बरं. मग तूच सांग, कुठे?"

अकरा आठवड्यांत पहिल्यांदाच असं काही विचारलं गेलं होतं ज्याला हो हे उत्तर होत नव्हतं. ती तळघरभर एकदा फिरली. मग तिने कपडे धुवायच्या मशीनपलीकडे, छोट्या खिडकीखाली बोट दाखवलं.

खिडकीखाली पाय रोवून, बेड त्यावर चढवून, बाकीचे भाग बडने जागेवर बसवेपर्यंत चार वाजून गेले. तिने गरम हॅम आणि कडक पाव टेबलावर मांडले होते. बड हात धुवायला गेला. नॉर्ब पायऱ्यांवरच बसला होता, सातव्या पायरीवर. आर्डिस त्याला बोलवायला गेली.

"त्याने मला फोन केला होता," नॉर्ब म्हणाला. "त्या दिवशी. सकाळी सातला. म्हणाला, तुझं बर्फ काढायचं मशीन घेऊन ये, फार पडलाय. मी म्हटलं, दुपारनंतर येतो." त्याने तळहाताने तोंड पुसलं. "मी झोपलेला होतो गं, आर्डिस. बाकी काही काम नव्हतं मला. नुसता झोपलेलो."

ती दोन पायऱ्या वर उभी होती. आपल्याला राग येईल किंवा याची कीव तरी येईल, म्हणून तिने वाट पाहिली. दोन्हीपैकी काहीच आलं नाही. हॅमचं भांडं भिजत घालायला हवं, नाहीतर ते घासून निघणार नाही, एवढंच मनात आलं.

"वर ये," ती म्हणाली. "जेवण गार होतंय."

"तू काहीच बोलणार नाहीस?"

"मुळ्याची चटणी हवी का तुला?"

नॉर्बने तिच्याकडे पाहिलं. मग उठून तिला ओलांडून वर गेला, जॅकेट उचललं आणि न जेवताच गेला. बडने दोघांच्या वाट्याचं खाल्लं.

नंतरचे दोन महिने नॉर्ब फिरकला नाही. बड मात्र दर मंगळवारी येऊ लागला. त्याला आपल्या बोटीसाठी काहीबाही बनवायचं असायचं, आणि मशीन नुसतं ठेवलं की गंजतं, असं तो सांगायचा. एका मंगळवारी त्याने खालून हाक मारली. "आर्डिस, ये तर खरी! एकदा चाक फिरवून बघ. रोलीला बायकोचा अभिमान वाटू दे जरा."

ती गेली. त्याने तिला चष्मा चढवला, एका वेळी दाढीच्या केसाएवढंच कातायचं म्हणून सांगितलं आणि तिचा हात चाकावर ठेवून दिला. पोलादाची कांब फिरत होती. हत्यार कांबीला टेकलं आणि निळसर, चमकता कीस वळत वळत बाहेर आला, तुटला, आणि उडून आर्डिसच्या मनगटावर पडला.

"आई गं!"

"भाजलं ना? दाखव. भाजणारच, तापलेलं असतं ते."

कपड्यांच्या मशीनशेजारच्या नळाखाली तिने मनगट धरलं. चण्याएवढा लाल डाग. चांगलंच चुरचुरत होतं. पाण्याखालून हात काढला की जास्त. तिने दोनतीनदा काढून पाहिला.

"मलम आहे का घरात?" बडने विचारलं.

"वर आहे."

वर जाऊन तिने मलम शोधलं नाही. ओल्या हातानेच फोन फिरवला. बऱ्याच वेळाने नॉर्बने उचलला.

"मी बोलतेय."

"काय झालं?" त्याचा आवाज घाबरलेला. "सगळं ठीक आहे ना?"

"त्या दिवशी साखळी मी सोडली होती, नॉर्ब. तू समोर होतास आणि मी सोडत राहिले. मला दिसत होतं."

तिकडे कुठेतरी रेडिओ लागलेला होता.

"माहीत आहे मला," नॉर्ब म्हणाला.

खालून मशीनची घरघर पुन्हा सुरू झाली. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं होतं.

"रविवारी येतोस का?" तिने विचारलं.

"किती वाजता?"

"सकाळी ये," ती म्हणाली. "लवकर उठून ये."

म्हणून झाल्यावर तिला कळलं आपण काय म्हणालो ते, पण तिने ते मागे घेतलं नाही. पलीकडचा रेडिओ बंद झाला. मग तो "बरं" म्हणाला.