खालचा सूर

गाणं ऐन रंगात आलेलं असताना क्षमाच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार एकदम सैल पडली. खुंटी घसरली होती. तिनं घाईनं तळवा तारांवर दाबला आणि आता सगळं गाणं कोसळणार म्हणून खाली मान घातली. पण कोसळलं काहीच नाही. तुळजापूरच्या त्या मंगल कार्यालयात दोन्ही बाजूंच्या स्पीकरच्या उंच बॉक्समधून बेसचा जाड, खालचा सूर तसाच घुमत राहिला. नवरदेवाकडची मंडळी नाचतच होती.

क्षमानं दोन्ही हात गिटारवरून उचलले. तरी बेस वाजत होता.

तिनं शेजारी पाहिलं. कीबोर्डवरच्या कृष्णराजचा डावा हात खालच्या पट्ट्यांवर चालला होता. नजरानजर होताच त्यानं मान दुसरीकडं वळवली. समोर आवाजाच्या मिक्सरवर बसलेला अमरसिंह कुठलीशी वायर तपासायला लागला. त्या वायरला काहीही झालेलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर पार्टीतली मंडळी जेवायला बसली, तेव्हा ती अमरसिंहसमोर जाऊन उभी राहिली.

"माझ्या गिटारची लाइन बंद हाय का?"

"ताई, जेवून घ्या की आधी."

"बंद हाय का, तेवढं सांग."

त्यानं ताटातली पुरी उगाच उलटी केली. "मामांनी सांगितलेलं हाय. माझं काय हाय त्यात?"

"कधीपासून?"

"मी आलो तवापासून तर बंदच हाय."

अमरसिंहला पार्टीत येऊन बरीच वर्षं झाली होती. त्याच्या आधीचं विचारायचं कुणाला, म्हणून ती सरळ रामलिंगमामांकडं गेली. ऑर्केस्ट्रा त्यांचा. माणूस तसा वाईट नव्हता. बाळंतपणानंतर क्षमा परत आली, तेव्हा तिची जागा त्यांनी राखून ठेवली होती, आणि परगावच्या कार्यक्रमाहून तिला घरापर्यंत सोडल्याशिवाय त्यांची गाडी कधी पुढं गेली नव्हती. आत्ताही त्यांनी तिला खुर्ची दिली.

"रागाला कशाला येतीस? हातात गिटार घेतलेली बाई हाय म्हणून आपल्याला तारखा मिळतेत. लोक तुला बगायला येतेत. ऐकायचं काम कीबोर्ड करतंय. बेस कुणाला कळतोय?"

"मला कळतोय की मामा."

"इतकी वर्षं न्हाय कळलं ते?"

ते हसत हसतच म्हणाले, पण शब्द आत रुतला, कारण तो खरा होता. स्टेजवरच्या त्या गदारोळात बॉक्समधून जो सूर यायचा, तो ती आपलाच समजत आली होती. जे ती वाजवायची तेच कृष्णराज वाजवायचा. दोन्हींतला फरक कळायला तार सैल पडावी लागली.

क्षमा तेर गावची. पोस्टात डाकसेवक. सकाळी स्कूटीवर टपाल वाटायची आणि लग्नसराईत, जयंतीच्या दिवसांत पार्टीबरोबर जायची. धाराशिवच्या कॉलेजात असताना गॅदरिंगच्या वाद्यवृंदात बेस गिटारला कुणी हात लावेना. पोरांना सगळ्यांना पुढं उभं राहून वाजवायचं होतं. मग तिनं लावला हात. चार जाड तारा, बोटांना फोड आणणाऱ्या. पण पहिल्यांदा तिचा सूर गाण्याखाली गेला, तेव्हा गाणं कसं जमिनीवर उभं राहिल्यासारखं झालं. त्या दिवसापासून ती या वाद्याची झाली.

घरी येऊन तिनं नवऱ्याला, प्रसेनजितला, सगळं सांगितलं. तो एसटीत कंडक्टर. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सोडून देतीस का?"

"का सोडू? वाजवते की मी."

"मग?"

"मग माझा आवाज मीच घेऊन जाणार."

सोलापूरला चर्चमध्ये वाजवणारे एक गृहस्थ आपला लहान बेस अॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर, विकत होते. सुट्टीच्या दिवशी क्षमा एसटीनं गेली आणि तो मांडीवर घेऊन परत आली. शिलाई मशीनच्या झाकणाएवढा काळा डबा. समोर जाळी, वर कातडी मूठ आणि ओळीनं पाच बटणं. तेवढ्याशा डब्यातून काय आवाज निघणार, अशी तिला वाटेत धाकधूक होती.

ती धाकधूक खोटी ठरली, पण भलत्याच तऱ्हेनं. घरी कोपऱ्यात जमिनीवर ठेवून तिनं गिटार जोडली, बेसचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि तार छेडली. सगळी खोली भरून गेली. भिंतीवरच्या मांडणीत स्टीलची ताटं थरथरायला लागली. आवाज होता, पण त्यात सूर कुठला ते काही कळेना. तिनं प्रसेनजितला बाहेर लिंबाखाली उभं केलं.

"काय ऐकू येतंय?"

"मांडणीवरची ताटं ऐकू येतेत."

तिनं बेस अर्ध्यावर आणला. गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाचं बटण, वाढवून पाहिला, तर लाल दिवा लुकलुकला आणि सूर फाटला. तो दिवा विझेपर्यंत गेन मागं घेतला आणि आवाज शेवटच्या बटणानं वाढवला.

"आता?"

"आता रिकाम्या पिंपात कुणीतरी बोलायलंय."

पिंप म्हटल्यावर आवाज कोपऱ्यात घुमतोय हे तिच्या लक्षात आलं. डबा तिथून उचलून तिनं खोलीच्या मधोमध स्टुलावर ठेवला. घुमारा निम्मा तिथंच गेला. मग मधलं बटण, ज्यावर मिड लिहिलं होतं, ते हळूहळू वर नेलं. एकटं ऐकताना ते कानाला जरा कडक लागत होतं, नाकातून गायल्यासारखं. पण रेडिओवर गाणं लावून त्याच्यासोबत वाजवलं, तेव्हा तोच कडकपणा गाण्यातून वाट काढत बाहेर आला. एक एक सूर सुटा, गोल.

तिनं दारातून डोकावलं.

"अहो, आता?"

"आता तू वाजवायलीस," प्रसेनजित म्हणाला.

पुढची तारीख सास्तूरची होती. बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम, विहारापुढच्या पत्र्याच्या मंडपात. ऊन कलल्यावर पार्टी पोचली. क्षमाच्या हातातला डबा पाहून रामलिंगमामा थांबले.

"हे काय आणलंस?"

"माझा अॅम्प. मला तुमची लाइन नको."

"स्टेजवर जागा न्हाय त्याला."

"माझ्या पायापाशी बसतोय."

चारचौघांत वाद नको म्हणून ते पुढं गेले. अमरसिंहनं बॉक्स लावले, आवाज तपासायला सुरुवात केली आणि मोठ्या बॉक्सचा पहिला दणका बसताच वरचे पत्रे खडखडले. पुढच्या रांगेतली एक म्हातारी तटकन उठली आणि खुर्च्यांना धडकत मंडपाबाहेर गेली. आयोजक उत्तरेश्वर धावत आला. "ते ढमढम कमी करा, मामा. इथं चालत न्हाय. भूकंप बघितलेली माणसं हायेत." अमरसिंहनं खालचा आवाज पार उतरवला.

क्षमानं आपला अॅम्प लावला. घरी जमवलेली बटणं तिनं तशीच ठेवली होती. तिनं तार छेडली आणि पत्रे पुन्हा गुणगुणले. स्टेज प्लायवूडचं, खाली पोकळ. डबा त्यावर ठेवल्यावर सगळं स्टेजच नगाऱ्यासारखं वाजत होतं. मंडपाच्या कडेला म्हातारी पदर तोंडाला लावून उभी होती. ती क्षमाकडं बघत होती. मोठ्या बॉक्सकडं नाही, क्षमाकडं.

क्षमा स्टेजवरून उतरली आणि तिच्यापाशी गेली.

"जय भीम, आजी. माझ्यामुळं भ्यालात का?"

"तुझ्यावर राग न्हाय, बाई," ती म्हातारी, विठाबाई, म्हणाली. "खालून आवाज आला की मला पळावंच वाटतंय. माझी दोन लेकरं त्या रात्री आतच राह्यली. तवापासनं असंच हाय."

"तुमी हितंच थांबा," क्षमा म्हणाली. "खालून हाललं वाटलं की मला हात करा. मी बंद करीन."

तिनं डबा स्टेजवरून काढला आणि खाली विहाराच्या दगडी पायरीवर ठेवला. बेसचं बटण अर्ध्याच्याही खाली नेलं, मिड अजून थोडं वर. एक सूर छेडून वर पाहिलं. पत्रे गप्प. मग खालचा, सर्वांत जाड तारेचा सूर. पत्रे गप्प. तिनं विठाबाईकडं पाहिलं. म्हातारीचा हात पदरातच होता.

"खालीच उभी राहा मग," स्टेजवरून रामलिंगमामा म्हणाले. बाई गुमान बाजूला झाली, असंच त्यांना वाटलं असावं.

पहिलं गाणं सुरू झालं. क्षमा पायरीपाशी मातीवर उभी राहून वाजवत होती. कृष्णराजचा डावा हातही सवयीनं चालला होता. एकच ओळ दोघं वाजवत होते. तिचा सूर अंगभर, त्याचा पातळ, किंचित मागंपुढं. गाणं अडखळायला लागलं. गायकानं एकदा मागं वळून पाहिलं. मामांनी क्षमाला हातानं खूण केली, बंद कर. तिनं ती पाहिली आणि वाजवत राहिली. तिनं ठरवलं होतं, आज हात उचलायचा तो विठाबाईनं हात केला तरच.

कडवं संपता संपता कृष्णराजनं डावा हात पट्ट्यांवरून काढला आणि मांडीवर ठेवला. तो तिच्याकडं बघत नव्हता. पण त्यानंतर कार्यक्रम संपेपर्यंत तो हात तिथंच राहिला.

आता खालच्या सुरात एकटी क्षमा होती. एक चुकीचा सूर लागला असता तरी सगळ्या मंडपाला कळला असता. एक लागलाही, दुसऱ्या गाण्यात. तो चुकलेला सूर बाहेर आला, मंडपभर ऐकू गेला, आणि तिला हसू फुटलं. इतक्या वर्षांत तिला साधं चुकताही आलं नव्हतं.

विठाबाई आत येऊन बसली नाही. पण गेलीही नाही. मंडपाच्या खांबाला टेकून तिनं सगळा कार्यक्रम ऐकला.

सामान गाडीत चढवताना मामा म्हणाले, "माझ्या पार्टीत मी सांगितल्यावर बंद व्हायला पाहिजे. पुढच्या तारखेला येऊ नको."

"बरं. पोस्टरवरचा माझा फोटो काढा."

"छापून झालेत पोस्टर."

"मग त्यावर खडू घेऊन लिहिते मी, ही बाई येणार न्हाय म्हणून. गावोगाव टपाल घेऊन जाते, मामा. मला वाटेतच लागतेत ती."

शेवटी मामांनी पोस्टर बदलले. नव्या पोस्टरवर दुसरी एक मुलगी गिटार घेऊन उभी राहिली. लग्नाच्या मोठ्या हॉलमधलं बोलावणं क्षमाला त्यानंतर आलं नाही, आणि ते झगमगीत दिवे, नाचणारी गर्दी, गाडीतल्या गप्पा यांची आठवण तिला येत नसे असं नाही. लग्नसराईच्या दुपारी टपाल वाटून झालं की हात शिवशिवायचे.

पण सास्तूरच्या उत्तरेश्वरची स्वतःची लहानशी गायन पार्टी होती. एक पेटी, एक ढोलकी, दोन गाणारे. त्यानं बोलावलं, ती गेली. मग आसपासच्या वस्त्यांवर जाणं सुरू झालं. स्टेज नसायचंच. कुठं समाजमंदिराचा ओटा, कुठं शाळेचा व्हरांडा. प्रत्येक जागी डबा कुठं ठेवायचा ते नव्यानं शोधावं लागे, बटणं नव्यानं लावावी लागत. जिथं भिंती जवळ तिथं बेस कमी, जिथं उघडं माळरान तिथं जास्त.

अशाच एका वस्तीवर एका संध्याकाळी पहिलं गाणं चालू असताना पुढं बसलेल्या एका पुढाऱ्यानं तिला हात खाली-वर करून खुणावलं, आवाज कमी. क्षमानं गाणाऱ्याचा आवाज ऐकला, ढोलकी ऐकली, स्वतःचा सूर ऐकला. सगळं जिथल्या तिथं होतं. तिनं मान हलवून नाही म्हटलं.

त्यानं पुन्हा खुणावलं. तिनं पुन्हा नाही म्हटलं. तो उठला आणि चहाच्या टपरीकडं निघून गेला.

गाणं संपलं. पेटीवाल्यानं पुढच्या गाण्यासाठी तिच्याकडं पाहिलं. ते गाणं बेसनंच सुरू होणार होतं. क्षमानं पट्टा खांद्यावर सरळ केला, बोट तारेवर टेकवलं, आणि वस्ती गप्प होईपर्यंत थांबली.