दुसऱ्या पिंजऱ्यातला सहावा उंदीर

उंदराच्या जबड्याखाली लाळेची ग्रंथी असते. तिचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की नळ्या दिसतात. नराच्या नळ्या जाड. भिंतीतल्या पेशी उंच आणि कणसात दाणे भरावेत तशा गुलाबी कणांनी गच्च भरलेल्या. मादीच्या नळ्या बारीक, कण तुरळक. म्हणूनच मी पीएचडीसाठी फक्त नर घेतले. उसावर मारतात तसलं एक तणनाशक पाण्यातून दिलं तर त्या नळ्यांचं काय होतं, हे मला बघायचं होतं.

पहिल्या पिंजऱ्यात सहा, साधं पाणी. दुसऱ्यात सहा, औषधाचं. तीन महिन्यांनी असा निकाल आला की पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पहिल्या पिंजऱ्यातल्या सहाही उंदरांच्या नळ्या जाड होत्या. दुसऱ्या पिंजऱ्यातल्या पाच उंदरांच्या नळ्या पार बारीक झाल्या होत्या, मादीसारख्या. सहाव्याच्या मात्र गच्च भरलेल्या, औषध त्यानं चाखलंच नसावं तशा.

"तो सहावा सोडून दे, अनुजा," सर म्हणाले. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. "एखादा निघतो असा हट्टी. पुढच्या महिन्यात प्रबंध दे." तो दिला तरच गारगोटीच्या कॉलेजातली नोकरी मिळणार होती, माझ्यासाठी जागा जूनपर्यंतच धरून ठेवली होती. वय बत्तीस, घरी रोज विचारणा. सोडूनही दिला असता. पण अर्धवट उत्तराची मला लहानपणापासून चीड आहे. आठवडाभर डोळ्यांत तेल घालून मी तेच बारा काप बघत बसले. "मादीसारख्या" असं वहीत पाचव्यांदा लिहिताना माझा हात थांबला.

उंदीरघर आमच्या प्राणिशास्त्र विभागाच्या मागे आहे. तिथलं सगळं आकारामकाका बघतात. उचगावहून सायकलवर येतात, तीस वर्षं झाली. मला तिथला वास सोसत नाही, त्यामुळे पाणी बदलणं, वजनं करणं, शेवटी ग्रंथी काढून बाटल्यांत भरणं, सगळं त्यांच्याच गळ्यात. मी फक्त पहिल्या दिवशी पिल्लं हातात घेतली होती, नर वेगळे काढायला. तीन आठवड्यांच्या पिल्लांत फरक जेमतेम दिसतो. मला दिसतो, असं मला वाटलं होतं.

"काका, दुसऱ्या पिंजऱ्यात माद्या होत्या का?"

"व्हय की," काका भुसा चाळत म्हणाले. "पाच माद्या, एक नर. दोनदा पिल्ली झाली न्हवं तितं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगिटलं की, पयल्याच दिवशी. तुमी म्हणालासा, काका, तुमी खाणं-पाणी बघा, ह्यातलं तुमाला कळायचं न्हाय. मग परत कशाला बोलू? पिल्ली तेवढी दुसरीकडं पोसली."

म्हणाले होते मी. मला त्यांचा राग आला, मग स्वतःचा, आणि तो दुसरा टिकला. बैल गेल्यावर झोपा करायला मी उंदीरघरात आले होते. औषधानं काहीच केलं नव्हतं. माद्यांच्या नळ्या माद्यांच्या होत्या, नराच्या नराच्या.

सरांना सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि विचारलं, "आणखी कुणाला माहीत आहे?"

"आकारामकाकांना."

"मग काही प्रश्न नाही. त्यांना काय कळतंय यातलं?"

मला लाज वाटली. हेच मीही बोलले होते. "त्यांनाच कळलं होतं, सर. मी प्रबंध देत नाही."

सरांनी दार पुन्हा उघडलं. मग म्हणाले, "वर्ष जाईल. गारगोटीही जाईल." जाऊ दे, असं म्हणायला मला जमलं नाही. मी वही उचलून बाहेर आले.

जूनमध्ये ती जागा भरली. जुलैत नवी पिल्लं आली, तेव्हा मी उंदीरघरातल्या स्टुलावर जाऊन बसले. काकांनी एक पिल्लू शेपटी वर करून माझ्या तळहातावर धरलं.

"हे काय हाय?"

"नर."

"नीट बघा."

बघितलं. मादी होती. पुढचंही चुकलं, त्याच्या पुढचंही. मला रडू यायला लागलं. काकांनी ते बघितलं की नाही कुणास ठाऊक. त्यांनी चौथं पिल्लू माझ्या हातावर ठेवलं.