वाल्मिकचा एक तास

मित्रांनो, किती वाजले हे मला आयुष्यात कधी कळलं नाही. माझ्या तबकडीवर शून्यापासून साठपर्यंत आकडे आहेत. मला पिळून ज्या आकड्यावर आणाल तितकी मिनिटं मी टिकटिकतो आणि शून्यावर आलो की घंटी वाजवतो. टेबलावर ठेवायचा असा मी एक जुना टायमर आहे. सध्या सिल्वासाजवळ अथालला, एका पत्र्याच्या खोलीत, फळीवर असतो. माझी आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, तुटली आहे, त्यामुळे आता टिकटिकही थांबली. पण मला माझ्यापेक्षा एका माणसाबद्दल सांगायचं आहे.

१९८६ साली मुंबईच्या एका दुकानातून मला खडोलीच्या धाग्याच्या कारखान्यात आणलं. तिथल्या प्रयोगशाळेत धाग्याची लडी उकळत्या पाण्यात बरोबर पंधरा मिनिटं ठेवून ती किती आकसते ते मोजत. मी वाजलो की लडी बाहेर निघे. सगळे माझं कौतुक करत. नमुन्याचे कोन, म्हणजे धागा गुंडाळलेले शंकू, घेऊन मशीनवरचा वाल्मिक यायचा. साक्री तालुक्यातला, हसऱ्या चेहऱ्याचा तरुण. चालत्या मशीनवर तुटलेला धागा तो डोळा लवायच्या आत जोडायचा. मी वाजेपर्यंत तो माझ्यासमोर उभा राहायचा आणि घंटी झाली की म्हणायचा, "लॅबवाला बोलला!"

तीन वर्षांनी लाल आकड्यांचा विजेवरचा टायमर आला आणि मी भंगाराच्या खोक्यात गेलो. तिथून मला माधव साहेबांनी उचललं. ते नाशिकचे, उत्पादन विभागाचे इंजिनिअर. त्यांच्या टेबलावर कामांचा ढीग असायचा. एक काम हातात घेतलं की दुसरं आठवायचं. मग ते मला पंधरावर लावत आणि स्वतःलाच सांगत, "आता हे एकच काम." मी वाजेपर्यंत ते मान वर करत नसत. दोन वर्षं मी त्यांना असं सांभाळलं. मला त्याचा अभिमान वाटायचा.

जानेवारी १९९१ मधला तो दिवस मात्र मला विसरायचा आहे.

कोनांच्या पेट्या चेन पुलीने वरच्या माळ्यावर चढवत. पुलीच्या हुकाला एक खटका असतो, तो अडकवलेली पेटी सुटू देत नाही. तो खटका आठ दिवसांपूर्वीच तुटला होता. माधव साहेबांनी दुरुस्तीच्या रजिस्टरमध्ये तसं लिहिलंही होतं. पण कारखान्याचे मोठे साहेब म्हणाले होते, "आधी माल निघू दे, मग बघू." पेटी सावरायला वाल्मिकला रोज खालीच उभं करत. त्या सकाळीही केलं. पेटी हुकातून सुटली आणि त्याच्या डोक्यावर आली.

दुपारी मोठे साहेब माधव साहेबांच्या टेबलाशी आले.

"उद्या फॅक्टरी इन्स्पेक्टर येतील. अहवाल तुमच्या हातचा हवा. कामगाराचं लक्ष नव्हतं, तो पेटीखाली गेला. बस."

"सर, पण तो खटका… मी रजिस्टरमध्ये लिहिलंय."

"रजिस्टरचं ते पान आता नाही." मोठे साहेब शांतपणे म्हणाले. "मुलीला यंदाच शाळेत घातलंत ना? मग लिहा."

ते गेल्यावर माधव साहेबांनी कोरा कागद पुढे ओढला. मग सवयीने त्यांचा हात माझ्याकडे आला. त्यांनी मला पंधरावर लावलं. चौथ्या ओळीत ते वाक्य आलं. 'कामगाराच्या दुर्लक्षामुळे अपघात घडला.' मी वाजायच्या आत सहीसुद्धा झाली होती.

वाल्मिक जगला. तीन आठवड्यांनी दवाखान्यातून अथालच्या आपल्या खोलीवर परत आला. चालायचा, बोलायचा, जुनं सगळं त्याला आठवायचं. पण हातातल्या कामावर त्याचं लक्ष टिकेना. शर्ट घालायला घ्यायचा आणि एक बाही घालून तसाच उभा राहायचा. आत्ता सांगितलेलं घटकाभराने पुसून जायचं. त्याची बायको कावेरी सकाळच्या पाळीला प्लास्टिकच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. ती नसताना शेजारच्या कोंडाबाई त्याच्यावर नजर ठेवायच्या. हे सगळं मी पुढे त्यांच्याच तोंडून ऐकलं.

एक दिवस कावेरी कामावरून आली तर कोंडाबाई दारातच उभ्या होत्या.

"कावेरी, आज वाचलो बाई सगळे. स्टो भडकेल होता, वर रिकामं पातेलं. अन भाऊ बाहेर कोंबड्या पाहत बसेल होते."

"मी चहा ठेवेल होता का?" वाल्मिकने विचारलं. त्याला खरंच आठवत नव्हतं. कावेरीने जळलेलं पातेलं बाजूला केलं. तिने स्टो उचलून कोंडाबाईंच्या घरी नेऊन ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी माधव साहेब आले. केळी आणली होती. पिशवीतून त्यांनी मला काढलं आणि वाल्मिकचा चेहरा उजळला.

"हा तर आपला लॅबवाला!"

"तुझ्यासाठीच आणलाय." साहेब म्हणाले आणि कावेरीकडे वळले. "वहिनी, सुरुवातीला पाचच मिनिटं लावा. एकच काम द्यायचं. वाजेपर्यंत उठू द्यायचं नाही. वाजलं की विश्रांती. मग पुन्हा पाच."

"साहेब, तुम्ही एवढं करता. देव तुमचं भलं करो," कावेरी म्हणाली. माधव साहेबांची नजर जमिनीवर होती. ते का खाली पाहत आहेत, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. पण टायमरला बोलता कुठे येतं?

पहिल्या दिवशी कावेरीने त्याच्यापुढे ताटात तुरीची डाळ ठेवली. तिसऱ्या मिनिटाला तो उठला. तिने हाताला धरून बसवलं.

"अजून वाजलं नाही. बसा."

तो पुन्हा उठला, तिने पुन्हा बसवलं. त्या दिवशी मी अकरा वेळा वाजलो आणि त्यात एकदाच तो शेवटपर्यंत बसला होता. त्या एका वेळेला कावेरी भिंतीकडे तोंड करून रडली.

मग पाचाची आठ मिनिटं झाली, आठाची पंधरा. कावेरीने कारखान्यातून बाटल्यांची बुचं आणि रबरी चकत्या आणल्या. एकेका बुचात एकेक चकती बसवायची. तिची बोटं सहज चालत, त्याची अडखळत. पण तो माझ्याकडे बघून म्हणायचा, "तू चाल. मी बी चालतो." मन भरकटलं की माझी टिकटिक ऐकायचा, डोकं हलवायचा आणि पुन्हा बूच उचलायचा. माधव साहेब दर रविवारी येत आणि आकडा विचारत. जूनमध्ये वाल्मिक तीस मिनिटं बसू लागला. मित्रांनो, प्रयोगशाळेत माझं कितीही कौतुक झालं असेल. पण मी कामाचा आहे, हे मला त्या जूनमध्ये पटलं.

जुलैत खडोलीच्या कारखान्याचं पत्र आलं. वाल्मिकने बारा ऑगस्टला हजर व्हावं. कोन तपासण्याच्या टेबलावर एक तास बसून दाखवावं. जमलं तर हलकं काम मिळेल. न जमल्यास नाव कमी होईल.

उरलेले दिवस त्या दोघांनी कसे काढले ते मी पाहिलं. पस्तीस. चाळीस. एकदा पंचेचाळीस, मग पुन्हा वीस. वीसवर घसरला त्या दिवशी त्याने मला भिंतीवर फेकलं आणि लगेच उचलून शर्टाच्या टोकाने पुसलं. अकरा तारखेला तो पंचावन्न मिनिटं बसला. साठ एकदाही झाली नव्हती.

बारा तारखेला कावेरीने रजा काढली. त्याने मला खिशात घातलं. कारखान्यात शिरताच माझ्या लक्षात आलं की तिथे मशीनच्या घरघरीत माझी टिकटिक ऐकूच जाणार नाही. वाल्मिकच्याही ते ध्यानात आलं. त्याने मला साठवर लावलं, टेबलावर ठेवलं आणि डावा तळहात माझ्यावर ठेवून दिला. टिकटिक कानाला लागली नाही तरी हाताला लागते. उजव्या हाताने तो एकेक कोन फिरवून बघू लागला. डागाचे एका बाजूला, सुटलेल्या धाग्याचे दुसऱ्या बाजूला.

पन्नासाव्या मिनिटाला त्याची नजर वर गेली. तिथे माळ्यावर पेटी चढत होती. त्याचा तळहात घामाने भिजला आणि हातातला कोन तसाच राहिला. लांब उभ्या असलेल्या कावेरीने तोंडावर पदर धरला. तिला त्याच्याजवळ जायला मनाई होती. मी नुसता थरथरत होतो. माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. कितीतरी वेळाने त्याची बोटं माझ्याभोवती घट्ट झाली. मग त्याने मान खाली घातली आणि कोन फिरवला.

मी वाजलो तेव्हा त्याला ऐकू आलं नाही. पण हाताखाली घंटी धडधडली आणि तो हसला. "कावेरी, तास झाला!"

मोठ्या साहेबांनी कोन तपासले. एकही चूक नव्हती. त्यांनी फाईल उघडली.

"आज बसला, ठीक आहे. पण अहवालात स्वच्छ लिहिलंय. अपघात याच्या दुर्लक्षामुळे. ज्याचं लक्ष तेव्हाच नव्हतं, त्याला आता इथे ठेवला आणि उद्या दुसरा कुणी मेला तर जबाबदार कोण?"

"असं कोणी लिहिलं?" कावेरी पुढे आली. "साहेब, खटका तुटेल होता. सगळ्या खात्याला माहीत आहे."

"यांनी लिहिलंय. विचारा यांना."

कावेरी माधव साहेबांकडे वळली. "साहेब, तुम्ही बोला ना. तुम्ही तर तिथेच होते."

माधव साहेब पाठ फिरवून बाहेर गेले. वाल्मिकचं नाव कमी झालं.

दोन रविवार ते आले नाहीत. तिसऱ्या रविवारी दुपारी दारात उभे राहिले. वाल्मिकच्या मनातून कारखान्यातलं बोलणं तेव्हाच निघून गेलं होतं; तास तेवढा राहिला होता, कारण कोंडाबाई त्याला रोज त्याबद्दल विचारत. तो धावतच पुढे आला.

"साहेब! एक तास बसलो. पूर्ण एक तास! तुम्ही शिकवलं म्हणून."

माधव साहेब उंबऱ्यावरच बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. वाल्मिक गोंधळून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. कावेरीने पाण्याचा तांब्या ठेवला. मग एक वही आणि पेन आणून त्यांच्यासमोर ठेवलं, फळीवरून मला काढलं आणि पंधरावर लावलं.

"साहेब, एकच काम. जे झालं ते लिहा. वाजेपर्यंत उठायचं नाही."

"वहिनी, माझी नोकरी जाईल."

"यांची गेली," ती म्हणाली.

पहिल्या पंधरा मिनिटांत त्यांनी फक्त तारीख लिहिली. मी वाजलो. कावेरीने मला पुन्हा लावलं. दुसऱ्या खेपेला तीन ओळी लिहून त्यांनी कागद फाडला. ती समोरच बसून होती, बुचात चकत्या बसवत. तिसऱ्या खेपेला मात्र ते लिहीत गेले. खटका, रजिस्टर, फाडलेलं पान, स्वतःची सही, सगळं. मी वाजलो तरी ते थांबले नाहीत. सोमवारी त्यांनी तो कागद स्वतः सरकारी कचेरीत नेऊन दिला. आठ दिवसांत त्यांना काढून टाकलं आणि ते नाशिकला परत गेले. पुन्हा ते कधी भेटले नाहीत.

चौकशी चौदा महिने चालली. शेवटी कागद आला. अपघातात कामगाराचा दोष नाही, असं त्यात लिहिलं होतं. पण तोवर कारखान्याने ते खातंच बंद केलं होतं. आणि तोवर वाल्मिकला फिटचे झटकेही येऊ लागले होते. प्रत्येक झटक्यानंतर त्याची मिनिटं कमी होत गेली. चाळीस, वीस, आठ. मग कावेरीने मला लावणं सोडून दिलं.

तिने तो कागद त्याला वाचून दाखवला. त्याने नीट ऐकलं. "म्हणजे माझी चूक नव्हती?" त्याचा चेहरा असा मोकळा झाला, की मी तसा अपघातानंतर कधी पाहिला नव्हता. संध्याकाळपर्यंत तो ते विसरला. दुसऱ्या दिवशी डोक्यावरच्या खुणेवर बोट ठेवून त्याने विचारलं, "कावेरी, माझी चूक होती का गं?"

"नाही हो. तुमची काहीच चूक नव्हती," ती म्हणाली आणि पुन्हा कागद काढून वाचला.

फेब्रुवारी १९९५ मध्ये तो गेला. तोपर्यंत तो रोज विचारायचा आणि ती रोज, पहिल्यांदाच सांगते आहे अशा आवाजात सांगायची. घड्या पडून पडून कागदाचे चार तुकडे झाले. मग ती तोंडपाठ सांगू लागली.

मित्रांनो, मला पुसा, तेल द्या, जपून ठेवा, असं मी मागत नाही. माझं काम झालं आहे. पण तुमच्या वर्गात, घरात, शेजारी कुणाचं लक्ष लागत नसेल, तर त्याला नावं ठेवायला घाई करू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा. जी चूक त्याची नाही ती त्याच्या माथी मारली गेली असेल, तर ती त्याची नव्हती हे त्याला सांगा. एकदा सांगून भागलं नाही, तर पुन्हा सांगा.