नोलीनच्या कडीचा बॅनर

डेस ट्रँटरला बढाईखोर माणसाचं भारी वावडं. तसे कुंडाबुल गावचे सगळेच मेंढपाळ या बाबतीत सोवळे. नवी कोरी गाडी घेतली तरी आधी चिखलातून फिरवतील आणि मगच गावात नेतील.

अशा माणसाला आता बॅनर हवा होता. तो मेंढवाड्याची फाटकं बनवायचा आणि यंदा शेतकी प्रदर्शनात पहिल्यांदाच स्टॉल लावणार होता. त्याची बायको नोलीन स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून बसली.

"ऑस्ट्रेलियातली सर्वोत्तम फाटकं," तिने वाचून दाखवलं.

"सगळी बघून आलीस वाटतं?"

"बरं, मग 'उत्तम'?"

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते!"

"तू घरची. तुझं कोण धरतंय?"

अशाने 'सर्वोत्तम'चं 'उत्तम' झालं, 'उत्तम'चं 'मजबूत' झालं आणि शेवटी तेही गेलं. उरलं वरचं 'ट्रँटर' हे नाव आणि फोन नंबर. नंबरही तिने वरच घेतला, कारण बॅनरचा खालचा भाग स्टॉलच्या टेबलामागे झाकला जातो. त्याला डेसची हरकत नव्हती. नंबरात कसली आलीय बढाई!

एका ओळीसाठी मात्र नोलीन हटून बसली: 'गुडघ्याने उघडणारी नोलीनची कडी'. कडी होतीच मुळी तिची. एका हिवाळ्यात काखेत कोकरू, दुसऱ्या हातात दुधाची बादली आणि समोर बंद फाटक, अशी ती थंडीत लाथा झाडत उभी राहिली होती. मग ट्रेलरची जुनी स्प्रिंग घेऊन तिने ही युक्ती जमवली. गाव मात्र म्हणायचं, 'डेसची कडी'. ती ऐकून घ्यायची आणि आतल्या आत चरफडायची. आता तिला आपलं नाव छापलेलं हवं होतं, चांगलं लांबून वाचता येईल एवढं.

"नाव कशाला?" डेस म्हणाला. "लोक म्हणतील, स्वतःचीच पाठ थोपटून घेतायत."

"आणि वर हातभर 'ट्रँटर' लिहिलंय ते?"

"ते कंपनीचं नाव आहे."

"वा रे वा!" म्हणत तिने रागाने ती ओळ पुसून टाकली. त्या दिवशी मटणात मीठ जरा जास्तच पडलं.

प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवर दिवे लखलखत होते, भोंगा कोकलत होता. यांच्या बॅनरसमोर थांबला तो एकटा हॉरी बेडोज, डोंगरापलीकडचा म्हातारा मेंढपाळ. त्याने तिथे मांडलेल्या फाटकाची कडी गुडघ्याने उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"डेस, ही तुझी ती कडी ना?"

डेसच्या तोंडात सॉसेज-पावाचा घास होता. तो बराच वेळ चावत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "नोलीनची. मी नुसतं वेल्डिंग करतो. मला उभ्या जन्मात सुचली नसती. तिला तसं बॅनरवर लिहायचं होतं, मीच नको म्हटलं. गाढव आहे मी." एवढं बोलून तो कानापर्यंत लाल झाला आणि ट्रॅक्टर बघायच्या निमित्ताने सटकला.

"अस्सं होय!" हॉरी तिच्याकडे वळला. "मग तूच सांग बाई, कशी आहे कडी?"

किती वर्षं ती याची वाट बघत होती! सगळी विशेषणं तिच्या जिभेवर तयार होती. पण शेवटी तीही कुंडाबुलचीच. ती बुटांकडे बघत म्हणाली, "उघडते." मग जरा थांबून, "लागतेसुद्धा."

हॉरीने टोपी मागे सारली आणि तिच्याकडे नीट बघितलं.

"तू एवढं म्हणतेस?" तो म्हणाला. "मग माझ्या मेंढवाड्याच्या सगळ्या फाटकांना लाव."