साडूचा हिरवा रंग

दोघेही न्हावी, आणि दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. दोन साडूंची सलूनं एकाच रस्त्यावर समोरासमोर. थोरल्याचा हात साफ होता, पण शहराच्या केशरचना स्पर्धेत पहिला यायचा तो धाकटाच. दर वर्षी थोरला सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायचा आणि घरी येऊन न जेवता झोपायचा.

यंदा धाकट्याने खुर्चीत स्वतःच्या बायकोलाच बसवलं. केस सोनेरी करायचा बेत होता. सगळे चहाला गेले तेवढ्यात थोरल्याने त्याच्या सोनेरी रंगाच्या बाटलीत निळा रंग ओतला, ती नीट हलवून जागच्या जागी ठेवली आणि साळसूदपणे चहाच्या रांगेत मेव्हणीच्या मागे जाऊन उभा राहिला.

"भावोजी, बोटं निळी कशी?"

"पेन गळलं."

केस धुतले तर हिरवेगार! मेव्हणीने किंकाळी फोडली, धाकट्याला घाम फुटला. थोरल्याच्या मनात लाडू फुटत होते. तेवढ्यात, सकाळपासून जांभया देत बसलेल्या परीक्षकबाई ताडकन उठल्या.

"अंबाडे बघून बघून डोळे दुखले माझे. आज कुणीतरी डोकं चालवलंय!"

धाकटा काही बावळट नव्हता. "बऱ्याच दिवसांची मेहनत आहे, बाई," म्हणाला.

पहिलं बक्षीस त्यालाच. थोरल्याने तेही गिळलं असतं, पण ती 'मेहनत' घशात अडकली. त्यात बाईंनी मंचावर विचारलं, "ही छटा साधली कशी?"

"अं... थोडं हे, थोडं ते..."

"त्याला काय विचारता?" थोरला खुर्चीवरून उसळला. "रंग माझा आहे! एका बाटलीला पाऊण वाटी निळा!"

"कुणाच्या बाटलीत?"

"त्याच्याच! मग काय माझ्या?"

थोरल्याने जीभ चावली, पण बाण सुटला होता. त्याच्यावर कायमची बंदी आली. बक्षिसाची ढाल धाकट्याकडेच राहिली, वर भर सभेत कृतीही फुकटात मिळाली.

आठवड्याभरात धाकट्याच्या दारात रांग लागली. थोरला रिकाम्या खुर्चीत बसून येणारीजाणारी हिरवी डोकी बघत होता. संध्याकाळी बायको घरी आली, तीही हिरवी होऊन.

"तू पण?"

"रंग तुमचाच आहे हो," ती पदर सावरत म्हणाली, "पण हात त्यांचा हलका."