उजेडाचा व्हॉल्व्ह

एकोणीस वर्षं आमच्या सहकारी साखर कारखान्यात वाफेचे व्हॉल्व्ह मी सांभाळले, आणि फोरमनची जागा निघाली तर नाव पुढं आलं नेकनूरच्या भारतचं. कालपरवा आलेला डिप्लोमावाला! दुष्काळाचं तिसरं वर्ष, गाळायला ऊस नाही, म्हणून सभासदांना पाझर तलावांचा नकाशा दाखवायचा होता. चेअरमन आबासाहेब म्हणाले, "पडद्यावर नकाशा दिसला तर भारत फोरमन. न्हाई दिसला तर मोहनराव, तुमी."

भारतनं कॉम्प्युटरचा जुना स्क्रीन खोलून आतली काच काढली होती. तिच्यात म्हणे द्रव स्फटिक असतात; विजेनं वळतात, कुठं उजेड सोडतात, कुठं अडवतात. मागं मोठा दिवा, पुढं भिंग, सगळं एका पत्र्याच्या पेटीत बसवलं, की भिंतभर चित्र. "काका, हा उजेडाचा व्हॉल्व्हच हाय बघा," तो कौतुकानं सांगायचा. व्हॉल्व्ह मला शिकवतोय! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सभेच्या आठ दिवस आधी चाचणीत काच एकाएकी काळी पडली. भारत दिवा विझवून तारा तपासत बसला. मी पेटीला हात लावला तर चटकाच बसला. तोवर काच निवली, चित्र परत आलं, आणि त्याला वाटलं तार ढिली होती. काच तापते म्हणून असं होतं, हे मला तिथंच कळलं. पण मी का सांगू? असू दे शहाणा.

सभा पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्यातल्या दुपारी. ताडपत्र्या लावून अंधार केलेला. नकाशा झकास उमटला, टाळ्या पडल्या आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. दहा मिनिटांनी मधोमध काळा डाग आला, पसरत गेला.

"बंद कर बे ते!" मागून एक सभासद, माणिकराव, ओरडले. भारत नुसत्या तारा हलवत होता. जागा माझी झालीच होती. नुसतं गप्प बसायचं होतं.

पण बिघडलेला व्हॉल्व्ह समोर दिसला की माझे हात शिवशिवतात. उठलोच. कोपऱ्यातल्या रांजणाभोवतीचं पोतं ओढलं, रांजणातच बुचकळलं, आबासाहेबांपुढचा पंखा पेटीकडं वळवला आणि पोतं त्याच्यामागं टांगलं.

"अवो, प्यायचं पानी हाय ते!" सभासद वत्सलाबाई कडाडल्या. टँकर चार दिवसांनी यायचा होता. सगळी सभा माझ्यावर तुटून पडली.

"भारत, दिवा बंद कर," मी म्हणालो. "काच निवू दे."

मग गार वाऱ्यावर नकाशा शेवटपर्यंत टिकला. आबासाहेबांनी भारतच्या गळ्यात हार घातला. ठीक आहे, म्हटलं, आता रिटायर होईपर्यंत मनसोक्त जळू.

तेवढ्यात त्यानं माइक घेतला. "माजी चूक झालती. तारंत काय नव्हतं. काकांनी बघताक्षणी वळखलं." खाली येऊन त्यानं तो हार माझ्या गळ्यात घातला आणि पाया पडला.

बघताक्षणी! मला आठ दिवसांपासून माहीत होतं. शिव्या देणारी माणसं आता टाळ्या वाजवत होती, आणि माझी मान वर होईना. पोरानं मला धड जळूसुद्धा दिलं नाही.