अक्षरांचं आकाश

जागा संपली, असं इंग्रजीत लिहून यंत्र थांबलं. राजनंदिनीने सुस्कारा सोडला आणि दुपारभर खपून काढलेलं तबकडीसारखं यान पुसून टाकलं.

“झालं का न्हाई अजून?” साळूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. “मला बातम्या बघायच्यात.”

“थांब गं आई. आता यानंच काढून टाकतीय.”

“अंतराळाचा खेळ म्हंतीस आन् यानंच काढून टाकतीस? मग ऱ्हायलं काय त्यात?”

राजनंदिनीने पुढचं यानही पुसलं.

पाचगणीच्या एका निवासी शाळेने नवे संगणक घेतले, तेव्हा हा जुना अडगळीत पडला होता. साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या संगणक वर्गात शिकवणाऱ्या राजनंदिनीने तो मागून घेतला आणि मांडीवर धरून एसटीने गावी आणला. १९९५ साल होतं. वर्गातल्या नव्या यंत्रांवर रंगीत खेळ धडाधडा चालत. याला मात्र टीव्हीच पडदा म्हणून जोडावा लागे, आणि लिहिलेला प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर ठेवावा लागे. वीज गेली की यंत्र सगळं विसरे. स्मरणशक्ती बत्तीस के, म्हणजे चिमूटभर. बारीक चित्रं काढायला घेतली की त्यातली अर्ध्याहून जास्त एकटा पडदाच खाई.

तरी तिला खेळ करायचा होता तो आबांसाठी, आणि घरी होतं ते हेच यंत्र. तिचे वडील लालासाहेब सैन्यात सिग्नलला, म्हणजे बिनतारी संदेश देणाऱ्या तुकडीत, हवालदार होते. बर्फाने उजव्या हाताची चार बोटं नेली आणि ते घरी आले. उसाला पाणी पाजत, वेळेवर जेवत, पण पारावर जात नसत, कुणाशी दोन शब्द बोलत नसत. एका डाव्या हाताने, एकाच बटणावर खेळता येईल असं काहीतरी त्यांच्यापुढे ठेवावं, एवढाच तिचा हेतू होता.

चित्रं परवडत नव्हती, म्हणून तिने यानांच्या जागी इंग्रजी अक्षरं टाकली. अक्षरं यंत्राच्या पोटात आधीच होती, त्यांना वेगळी जागा लागत नव्हती. ठिपके झाले तारे. पडद्याच्या माथ्यावर एक नवी ओळ घातली की खालचं सगळं आकाश आपोआप एक पायरी उतरतं, हेही तिच्या ध्यानात आलं. मग एकेक यान हलवायची गरजच उरली नाही. ती स्वतःशीच हसली. तरी पडद्याकडे पाहिल्यावर तिला ते ओकंबोकंच वाटलं.

पडद्यावर क्यू हे अक्षर खाली येत होतं. मागून ठकठक ऐकू आली. लालासाहेबांचं डावं बोट खाटेच्या कडेवर वाजत होतं; लांब, लांब, आखूड, लांब.

“आबा, काय वाजवलंत?”

“काय न्हाई.” बोट थांबलं. “क्यू आला, म्हणून.”

राजनंदिनी पडद्याकडे बघत राहिली. मग तिने चालू खेळ अर्धा मोडला.

आता प्रत्येक यान पाडायला त्याच्या अक्षराची मोर्स खूण, म्हणजे तारेने संदेश पाठवताना वाजवतात ती, द्यायची होती. बटण आखूड दाबायचं नाहीतर लांब. प्रत्येक अक्षराची खूण तिने एकेका आकड्यात कोंबली. तेवढ्यानेही जागा पुरेना. तिने स्फोट काढून टाकले, सुरुवातीची सूचना काढून टाकली, गुण काढून टाकले. शेवटी ‘रचना : राजनंदिनी’ ही ओळ उरली होती. तीही काढली, आणि खेळ चालला.

लालासाहेब पहिल्यांदा खेळले ते कपाळाला आठ्या घालून.

“लांब दाबलेलं हे उशिरा धरतंय, नंदे. माझा हात एवढा ढिला न्हाई.”

तिने ते दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरी चूक काढली. तिसऱ्या दिवशी तिला वर्गातून यायला उशीर झाला, तर ते फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होते. घरी येईपर्यंत ते खेळाविषयीच बोलत होते.

त्यांच्या पलटणीतले हंबीरराव एकदा घरी आले, खेळ बघून हरखले. “लाल्या, हे मेळाव्याला आणायचं. आपली सगळी पोरं येत्यात.” पोरं म्हणजे पन्नाशीची माणसं. लालासाहेब नको म्हणाले. हंबीररावांनी ऐकलं नाही.

मेळाव्याच्या दिवशी साताऱ्यात, एका शाळेच्या सभागृहात, टीव्हीपुढे निवृत्त सिग्नलवाले दाटीने बसले. हंबीरराव वाय या अक्षरापर्यंत पोचले आणि दिवे गेले. थोड्या वेळाने आले, पण खेळ पुसला गेला होता. राजनंदिनीने कॅसेट मागे फिरवून लावली. खेळ यंत्रात परत उतरतानाचा चिरका, कर्कश आवाज सभागृहात भरला.

“काय म्हंतंय रं हे?” एकाने कान दिला.

“सगळा गोंधळ हाय. वर बर्फात असंच यायचं वायरलेस सेटवर,” हंबीरराव म्हणाले.

“असंच न्हाई,” लालासाहेब म्हणाले. सगळे त्यांच्याकडे वळले. “त्या रातीला सेट साफ हुता. आपला केरबा गस्तीवर अडकला हुता, त्येचं अक्षर न् अक्षर येत हुतं. मग लांबायला लागलं. एका अक्षराला लय वेळ. मग बंद.” त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला. “हातमोजा घालून मोर्सची की दाबता येत न्हाई. म्हणून काढला. के पाठवत ऱ्हायलो. के म्हंजे, आता तू बोल. सकाळपातूर तेवढंच.”



“त्यो गेला, पर त्येच्या घरी मी अजून गेलो न्हाई,” ते म्हणाले.

हंबीररावांनी खुर्ची जवळ ओढली. “जाऊ आपण. उद्याच जाऊ गड्या.” मग आणखी एकाने केरबाची एक खोड सांगितली, दुसऱ्याने त्याचं गाणं म्हटलं. लालासाहेब ऐकत होते, मधेच चूक दुरुस्त करत होते.

कॅसेट संपली. राजनंदिनीने टेपचा आवाज बंद केला. पडद्यावर तारे आले, त्यांच्यामागून अक्षरं उतरायला लागली. बटणापाशी कुणी नव्हतं. अक्षरं तळाला टेकत होती, खेळ संपून पुन्हा आपोआप सुरू होत होता. माणसांच्या पाठी टीव्हीकडे होत्या. तिने कुणाला हाक मारली नाही. कुणाचा पाय लागून यंत्राची वायर निघू नये म्हणून राजनंदिनी ती तेवढी हातात धरून उभी राहिली.